वृद्धाश्रमाच्या जिन्याचे रेलिंग: बसवावे कसे, तपासावे कसे आणि सांभाळावे कोणी?

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना नमस्कार. सांगलीतील एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापन समितीवर मी काम करते. आश्रमाची इमारत मुळात राहता बंगला होती. तळमजला, वर एक मजला आणि दोन्हींना जोडणारा एकच जिना. वर राहणाऱ्यांना आम्ही 'चालते-फिरते' म्हणतो खरे, पण त्यांतील बहुतेकांना गुडघेदुखी, मधुमेहामुळे तळव्यांना आलेली बधिरता किंवा मोतीबिंदू यांपैकी काही ना काही आहेच. येत्या उन्हाळ्यात रंगकाम काढायचे ठरले आहे आणि त्याच्या जोडीने जिन्याचे रेलिंगही बदलावे, असा विषय समितीत निघाला. मात्र चर्चा 'लोखंडी की स्टीलचे, आणि शोभून कोणते दिसेल' यापलीकडे जाईना, म्हणून इथे विचारते आहे.

सध्याचे रेलिंग जवळून पाहून त्याची अवस्था लिहिते. ते फक्त मोकळ्या बाजूला आहे, भिंतीच्या बाजूला काहीच नाही. वरचा पाईप चौकोनी असून चांगला जाड आहे, त्यामुळे माझ्याही मुठीत तो पुरता मावत नाही. खालून दुसऱ्या पायरीवरचा उभा खांब हाताने हलवला की बुडाशी किंचित डुलतो. तिथला रंग गोल फुगला आहे, फुगवट्याला नख लावले की पापुद्रा निघतो, आत तपकिरी भुकटी दिसते आणि पावसाळ्यात तिथून पायरीच्या पांढऱ्या फरशीवर गंजाचा ओघळ उतरतो. वरचा पाईप शेवटच्या पायरीच्या आधीच संपतो. त्याचे उघडे टोक पुढे आलेले असून त्यात पदर अडकल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. आमच्याकडे कोणी गंभीर पडलेले नाही, पण पडल्यावरच काम करायचे, हे मला पटत नाही. उंची किती असावी, पाईप कसा असावा, रेलिंग दोन्ही बाजूंना हवे का आणि एकदा बसवल्यावर ते तपासत राहण्याची पद्धत काय असावी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना ओव्हरसीअर (सातारा)

ताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. रंगकाम आधी आणि रेलिंग मागाहून असे झाले की नव्या रंगाला भोके पाडायला कोणी तयार होत नाही आणि काम वर्षानुवर्षे पुढे जाते. म्हणून आधी रेलिंग, मग रंग.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी अपंग आणि वृद्ध व्यक्तींच्या सोयीच्या तरतुदी आहेत. अशा व्यक्तींनी वापरायच्या जिन्याची रुंदी किमान १३५० मिलिमीटर, पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, पाय ठेवण्याची जागा ३०० मिलिमीटर, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत आणि दोन्ही बाजूंना रेलिंग, असे त्यात म्हटले आहे. हे रेलिंग प्रत्येक टप्प्याच्या वर आणि खाली ३०० मिलिमीटर पुढे आलेले असावे, हेही त्यातच आहे. जुन्या बंगल्याचा जिना या मापात बसणार नाही आणि तो तोडून नवा बांधणेही बहुतेकांना शक्य नसते. परंतु दोन्ही बाजूंचे रेलिंग आणि ते पुढे काढलेले ३०० मिलिमीटर, या दोन गोष्टी कोणत्याही जुन्या जिन्यावर करता येतात, आणि माझ्या मते जीव वाचवण्याच्या दृष्टीने त्याच सर्वांत मोलाच्या आहेत.

ते ३०० मिलिमीटर कशासाठी, हे समितीला समजावून सांगा, कारण 'पाईप वाया जातो' म्हणून सर्वांत आधी तेच कापले जाते. उतरणाऱ्या माणसाचा हात नेहमी त्याच्या पायाच्या पुढे असतो. शेवटच्या पायरीपाशी पाईप संपला, तर पाय अजून पायरीवर असतानाच हाताला काहीच उरत नाही. वरच्या टोकाला याच्या उलट होते. पहिली पायरी उतरण्यापूर्वी सपाट जमिनीवर उभे राहून हात पाईपवर ठेवता आला पाहिजे, तो शोधण्यासाठी पुढे वाकावे लागता कामा नये. पुढे काढलेले टोक मात्र उघडे सोडायचे नाही. ते भिंतीकडे वळवून भिंतीलाच टेकवावे, किंवा गोल वळवून खाली खांबात उतरवावे. तुम्ही पदराचा उल्लेख केलात. सदऱ्याची बाही, जपमाळेची पिशवी, हातातल्या काठीची दोरी, सगळेच त्या टोकात अडकते.

उंची मोजण्याची जागा ठरलेली आहे. पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ उभ्या रेषेत वर मोजायचे. पायरीच्या मागच्या कोपऱ्यातून मोजले तर रेलिंग पायरीच्या जवळजवळ पूर्ण उंचीएवढे चुकते आणि टप्पा संपून सपाटी येते तिथे पाईपला अचानक उसळी येते. वरचा पाईप सुमारे ९०० मिलिमीटरवर आणि दुसरा सुमारे ७६० मिलिमीटरवर, अशी दुहेरी रचना आपल्याकडच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेली आहे. पाईप गोल, ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा असावा आणि भिंत व पाईप यांत किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. भिंतीचा गिलावा खरखरीत असेल तर पाईपमागचा तेवढा पट्टा गुळगुळीत करून घ्यावा, कारण म्हाताऱ्या हाताची कातडी पातळ असते आणि बोटांची पेरे सोलवटतात.

मजबुतीचे म्हणाल तर भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कठड्यांवर आडवा भार किती धरायचा, ते दिलेले आहे. खाजगी घरांतले जिने वगळता इतर जिन्यांसाठी तो दर मीटर लांबीला ०.७५ किलोन्यूटन आहे, म्हणजे ढोबळमानाने ७५ किलो. तोल गेलेला माणूस रेलिंगवर आडवाच येऊन आदळतो. तुमचा तो डुलणारा खांब हा भार घेऊ शकणार नाही. उन्हाळ्याची वाट न पाहता तो याच आठवड्यात बांधून घ्या.

फिजिओ मिरज

वरील मापे योग्य आहेत. माणसाच्या शरीराच्या बाजूने मी थोडी भर घालतो.

रेलिंगचा उपयोग दोन प्रकारे होतो. चालताना हात नुसता टेकवून तोल सांभाळणे हा रोजचा उपयोग, आणि पाय घसरल्यावर ते गच्च धरून शरीर थोपवणे हा क्वचितचा, पण खरा कसोटीचा. पहिल्यासाठी रुंद लाकडी फळीही चालते. दुसऱ्यासाठी अंगठा एका बाजूने आणि चार बोटे दुसऱ्या बाजूने पाईपभोवती वळून जवळजवळ भेटली पाहिजेत. रुंद, चपट्या किंवा चौकोनी पाईपवर बोटांची नुसती टोके दाबली जातात. अशा चिमटीत शरीराचे वजन तोलण्याची ताकद तरुणालाही नसते, मग संधिवाताने वाकलेल्या बोटांत ती कुठून येणार? हल्ली सर्वत्र दिसणारा दोन इंची चकचकीत स्टीलचा पाईपदेखील वृद्ध स्त्रियांच्या मुठीला जाड पडतो.

दोन्ही बाजूंच्या रेलिंगबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. पक्षाघातानंतर ज्यांची उजवी बाजू कमजोर झाली आहे, त्यांना आधार केवळ डाव्या हाताने घेता येतो. जिन्याला एकाच बाजूला रेलिंग असेल, तर वर जाताना जे डाव्या हाताला येते तेच उतरताना उजव्या हाताला येते. मग ही माणसे उतरताना एक तर आधाराविना उतरतात किंवा पाठमोरी उतरतात. अशा व्यक्तींकरिता एका बाजूचे रेलिंग म्हणजे अर्धाच जिना.

जिना उतरणे चढण्यापेक्षा जास्त धोक्याचे असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात, गुडघा दुखत असेल तर तो मध्येच सोडून देतो, आणि पुढे पडल्यास खाली सर्व पायऱ्या मोकळ्याच असतात. त्यातच दोन नंबरांचा चष्मा असेल तर खाली पाहताना नजर वाचनाच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. चष्मा असूनही पायरी का चुकली, असे नातेवाईक विचारतात, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. म्हणून पायरीच्या कडेला गडद किंवा पिवळी पट्टी आणि रेलिंगचा रंग भिंतीहून स्पष्ट वेगळा, या दोन्ही गोष्टी हव्यात. पांढऱ्या भिंतीसमोर चकाकणारे स्टील मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

खालच्या पाईपविषयी शंका निघेल, म्हणून आधीच लिहितो. पाठीला बाक आलेल्या आणि मुळातच ठेंगण्या असलेल्या आजींना ९०० मिलिमीटरचा पाईप खांद्याच्या दिशेने वर जातो आणि त्यांना त्यावर जोर देता येत नाही. ७६० मिलिमीटरचा पाईप त्यांच्यासाठी आहे.

जिन्याची सवय लावताना आम्ही सांगतो की चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी. काठी वापरणाऱ्यांनी एका हाताने रेलिंग आणि दुसऱ्या हातात काठी धरावी. सेवकाने उतरणाऱ्याच्या पुढे, म्हणजे खालच्या बाजूला एक पायरी राहावे आणि स्वतःचा एक हात रेलिंगवर ठेवावा, नाहीतर दोघेही पडतात.

अजिंक्यताऱ्याखालून

आमच्या साताऱ्यातील संस्थेचा जिना जेमतेम तीन फुटांचा आहे. दोन्ही बाजूंना रेलिंग लावल्यास रुग्णाला खुर्चीत बसवून उतरवता येणार नाही, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. यावर काय करावे?

जुना ओव्हरसीअर (सातारा)

भिंतीवरचा पाईप मोकळ्या जागेसकट साधारण ९० ते ९५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंचांच्या आसपास जागा घेतो. मोकळ्या बाजूचे रेलिंग पायरीवर उभे न करता जिन्याच्या बाहेरच्या कडेला, बाजूने बसवले तर त्या बाजूची रुंदी अजिबात जात नाही, उलट थोडी वाढल्यासारखी होते. म्हणजे एकंदर तोटा पावणेचार इंचांचा. तीन फुटांतून तो गेला तरी दोन फूट आठ इंच उरतात आणि खुर्ची उचलून नेता येते. पण विश्वस्तांनी एक विचार करावा. खुर्चीतून माणूस उतरवण्याची वेळ क्वचित येते, तर जिना रोज आणि दिवसातून अनेकदा चढला-उतरला जातो.

कुपवाड फॅब्रिकेशन

कुपवाड एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. रेलिंगची पुष्कळ कामे करतो, त्यामुळे काम घेणाऱ्याच्या बाजूने स्पष्ट लिहितो.

स्टेनलेस स्टील म्हटले की सगळे सारखेच, असे गिऱ्हाईक समजते. बाजारात प्रामुख्याने २०२ आणि ३०४ या दोन प्रती चालतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते आणि ओलाव्यात लवकर डागाळते. लोहचुंबक लावून ओळखू, असे अनेक जण म्हणतात, पण त्याचा उपयोग नाही, कारण या दोन्ही प्रतींना चुंबक जवळपास चिकटत नाही. पाईपवरचा शिक्का पाहावा, बिलावर प्रत लिहून घ्यावी आणि शंका असल्यास तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून दाखवायला सांगावे. जाडी १६ गेज, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर तरी असावी. दर कमी करून मागितला की बहुतेक ठिकाणी जाडीच कमी होते, आणि बाहेरून ते कळत नाही.

खरे अपयश पाईपमध्ये नसून तो जिथे धरला जातो त्या ठिकाणी असते. जुन्या बंगल्यांच्या भिंती विटांच्या असतात आणि काही भिंतींत गिलाव्याची जाडीच इंचभर निघते. त्यात नुसते रावळप्लग (स्क्रूसाठी भोकात घालायच्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्या) मारून ब्रॅकेट बसवले, तर स्क्रू गिलाव्याला धरून राहतो, विटेला नाही. सहा महिने ते घट्ट वाटते. नंतर एके दिवशी कोणीतरी जोरात धरतो आणि ब्रॅकेट गिलाव्याच्या ढलप्यासकट बाहेर येते. फुगणारा अँकर विटेत ठोकला तर वीटच फुटते. विटेसाठी जाळीच्या नळीत भरायचा केमिकल अँकर (सुकून घट्ट होणाऱ्या रसायनात बसवलेला बोल्ट) वापरावा, किंवा भिंतीच्या पलीकडे पोचता येत असेल तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून आणि ब्रश मारून पूर्ण काढावी लागते. हे काम कंटाळवाणे असल्याने कारागीर ते टाळतात. म्हणून त्या वेळी समितीतले कोणीतरी तिथे उभे राहावे.

ब्रॅकेट पाईपला खालून धरणारे असावे. बाजूने किंवा वरून धरले की प्रत्येक ब्रॅकेटपाशी हात उचलावा लागतो. वेल्डिंगचा सांधा घासून इतका सपाट करून घ्यावा की डोळे मिटून हात फिरवला तरी जोड समजणार नाही. मी काम देताना हातावरून जुना सुती पंचा ओढून दाखवतो. धागा कुठेही अडकता कामा नये.

आता सांगलीपुरते एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ज्या इमारतींत पाणी शिरले, तिथली लोखंडी रेलिंगे बाहेरून धुऊन रंगवली गेली. पण पोकळ खांबांत बुडाच्या भोकांतून गढूळ पाणी आणि गाळ गेला होता, तो आतच राहिला. असे खांब आतून कुजतात. बाहेर रंग ताजा दिसतो आणि खांब बुडाशी कागदासारखा झालेला असतो. पूर आलेल्या इमारतीत खांबाच्या तळाशी छोट्या हातोडीने टकटक करून पाहावे. एका खांबाचा आवाज इतरांपेक्षा बद्द आला तर तो कापून पाहण्यावाचून इलाज नाही. नवे बसवताना खांबांचे बूड नीट बंद करावे, आणि ते शक्य नसेल तर पाणी बाहेर पडायला तळाशी भोक ठेवावे.

वाईचा वाटसरू

माझे मत थोडे वेगळे आहे. वृद्धांना वरच्या मजल्यावर ठेवूच नये. जिना बंद करावा, वर कार्यालय आणि कोठार न्यावे. नाहीतर लिफ्ट बसवावी. रेलिंगवर एवढा विचार आणि खर्च करण्यापेक्षा मूळ धोकाच काढून टाकणे बरे.

कृष्णाकाठची (सांगली)

आपला मुद्दा योग्य आहे आणि जिथे जागा आहे तिथे सर्वांना तळमजल्यावरच ठेवावे, हे मलाही मान्य आहे. परंतु सांगलीत एक अडचण आहे, जी साताऱ्यात किंवा वाईच्या उंचावरच्या भागात जाणवणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली. आमच्यासारख्या सखल भागातील आश्रमात पाणी येण्याच्या आधी तळमजल्यावरच्या सर्वांना, म्हणजे जे एरवी कधीच जिना चढत नाहीत अशांना, वर न्यावे लागते. त्या वेळी वीज बहुधा बंद असते, किंवा बंद करावी लागते, आणि लिफ्ट असली तरी ती वापरता येत नाही. मग सर्वांत दुर्बळ माणूस सर्वांत वाईट घडीला त्याच जिन्यावर येतो. ओले पाय, अंधार आणि घाबरलेली माणसे. म्हणून जिना बंद करण्याचा पर्याय आमच्यासाठी नाही.

फॅब्रिकेशनवाल्या दादांचे विशेष आभार. हातोडीची तपासणी काल करून घेतली. खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाचा आवाज इतरांहून वेगळा येतो. ते दोन्ही खांब तूर्त अँगल लावून बांधून घेतले आहेत, आणि नवे काम होईपर्यंत उतरताना सेवक सोबत असल्याखेरीज कोणीही जिना वापरू नये, अशी सूचना लावली आहे.

सेविका (सातारा)

मी एका आश्रमात रात्रपाळीला काळजीवाहक म्हणून काम करते. रेलिंग चांगले बसवून झाल्यावर त्याचे काय होते, ते आम्ही रोज पाहतो, म्हणून लिहिते.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे त्यावर कपडे वाळत पडतात. पावसाळ्यात साताऱ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मग पंचे, टॉवेल, चादरी रेलिंगवर येतात. आजोबा हात टाकतात तो ओल्या पंच्यावर, आणि पंचा हाताखालून सरकतो. आमच्याकडे आता जिन्याच्या बाजूच्या खोलीत दोऱ्या बांधून दिल्या आहेत आणि रेलिंगवर काहीही दिसले की ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने ते उचलायचे, असा नियम आहे. गणपतीत आणि दिवाळीत दिव्यांच्या माळा रेलिंगभोवती गुंडाळण्याची हौस असते. तीही बंद केली आहे, कारण माळेने पकड जाते आणि वायर सोललेली असेल तर सगळ्या पाईपमध्ये वीज उतरते.

दुसरे पुसण्याबद्दल. करोनाच्या काळात रेलिंग दिवसातून कितीतरी वेळा हायपोक्लोराइटने पुसले जात होते आणि ती सवय अनेक ठिकाणी राहिली. त्याने स्टीलवर बारीक काळपट टिपके पडतात, मग तिथे हाताला खरखर लागते. धातूच्या पृष्ठभागासाठी ७० टक्के अल्कोहोल वापरावे, असे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०२० च्या सूचनांतच होते. एरवी साबणाचे कोमट पाणी आणि लगेच कोरडा कपडा पुरतो. खोबरेल तेल लावलेले हात, बाम चोळलेले हात दिवसभर पाईपवरून फिरतात आणि संध्याकाळपर्यंत तो निसरडा होतो. त्यामुळे संध्याकाळचे पुसणे चुकवू नये. जिना एका वेळी अर्धाच पुसावा आणि रेलिंगच्या बाजूची पट्टी कोरडी ठेवावी, म्हणजे कोणी मध्येच आले तर कोरड्या भागावरून जाईल.

रात्री जिन्यावर येणारे लोक बहुतेक अर्धवट झोपेत असतात. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेली असते, उठल्याबरोबर भोवळ येते. जिन्याच्या दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे असावे, आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक दिवा जिन्यावरच असावा. आमच्याकडे तो कार्यालयात होता, आता जिन्यावर आणला आहे.

निवृत्त शिक्षक

मी स्वतः सातारा जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात राहतो आणि दिवसातून तीन वेळा जेवणघरासाठी जिना उतरतो. वर सर्वांनी आमच्या काळजीपोटी लिहिले आहे, त्याबद्दल आभार मानतो आणि वापरणाऱ्याच्या हातून काही नोंदवतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्टीलचा पाईप इतका गार असतो की बोटे दुखणारे लोक त्याला हातच लावत नाहीत, किंवा शालीचे टोक मध्ये घेऊन धरतात. शाल मध्ये आली की पकड गेली. लाकडाचा गोल दांडा, किंवा पाईपवर घट्ट बसवलेले प्लॅस्टिकचे आवरण असेल, तर हा प्रश्न येत नाही. आवरण सैल झाले की ते हातात फिरते, म्हणून तेही तपासण्याच्या यादीत असावे.

माझ्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे. आमच्याकडे टप्पा संपण्याच्या जागी पाईपच्या खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा जोडलेला आहे. तो बोटांना लागला की पुढे सपाट आहे, हे कळते. याचा मला जितका उपयोग होतो तितका दिव्याचाही होत नाही. फक्त तो उंचवटा शेवटच्या पायरीच्या बरोबर वर न देता किंचित आधी द्यावा, कारण वर कोणीतरी योग्यच लिहिले आहे की हात पायाच्या पुढे असतो.

आणखी एक, जे कोणत्याही मानकात सापडणार नाही. अनेकांना रेलिंग धरणे कमीपणाचे वाटते. आयुष्यभर शेतात, गिरणीत किंवा फौजेत काढलेला माणूस चार लोकांसमोर पाईपला धरून उतरायला तयार होत नाही. त्यांना उपदेश केल्याने फरक पडत नाही. आमच्या व्यवस्थापकांनी आणि सर्व सेवकांनी, तरुणांनीसुद्धा, जिन्यावर स्वतः रेलिंग धरायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचेही धरू लागले. आणि नवे रेलिंग पक्के करण्याआधी आम्हाला बोलावून हात ठेवून पाहायला सांगावे. दोरीने तात्पुरता पाईप बांधून दोन दिवस चढू-उतरू द्यावे. उंची योग्य आहे की नाही, ते तेव्हाच कळेल.

फिजिओ मिरज

गुरुजींनी सुचवलेली तात्पुरत्या पाईपची कल्पना उत्तम आहे. फक्त त्या चाचणीच्या वेळी प्रत्येकासोबत सेवक असावा आणि तात्पुरत्या पाईपवर पूर्ण भार देऊ नये.

कृष्णाकाठची (सांगली)

समितीची बैठक झाली. भिंतीच्या बाजूला नवा दुहेरी पाईप, मोकळ्या बाजूला बाहेरच्या कडेला बसवलेले नवे रेलिंग, टोके वळवलेली, ३०४ प्रतीचा दीड इंची पाईप आणि हात ठेवण्याच्या भागावर गडद निळे आवरण, असे ठरले आहे. कोटेशन मागवताना प्रत, गेज, अँकरचा प्रकार आणि ब्रॅकेटमधील अंतर लेखी मागणार आहोत.

तपासणीबद्दल ठरले ते असे. दर सोमवारी सकाळच्या पाळीतील सेविका प्रत्येक खांब आणि प्रत्येक ब्रॅकेट हाताने हलवून पाहील, पूर्ण पाईपवरून हात फिरवील आणि वहीत तारीख टाकून सही करील. काही सैल आढळले तर त्याच दिवशी तिथे लाल फडके बांधायचे आणि समितीच्या सचिवांना फोन करायचा. दुरुस्ती झाल्याची नोंद त्याच ओळीत, दुसऱ्या सहीने. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, बाहेरच्या अभियंत्याकडून तपासणी होईल, आणि पुराचे पाणी आल्यास ते ओसरल्यावर जिना वापरात आणण्याआधी होईल. वही कार्यालयातल्या कपाटात न ठेवता जिन्याच्या पायथ्याशी खिळ्याला टांगायची, म्हणजे भेटीला येणाऱ्या नातेवाइकांनाही ती पाहता येईल. यावर एका सदस्यांचा आक्षेप होता, पण मी तो मान्य केला नाही. ज्यांची आई वर राहते, त्यांना जिना कधी तपासला, हे कळण्याचा अधिकार आहे.

एक प्रश्न उरतो. काम चालू असताना वरच्या लोकांचे काय करावे?

जुना ओव्हरसीअर (सातारा)

क्रम असा ठेवा. प्रथम भिंतीच्या बाजूचा नवा पाईप पूर्ण बसवून घ्या. केमिकल अँकर सुकायला लागणारा वेळ डब्यावर लिहिलेला असतो. तो पूर्ण होईपर्यंत त्या पाईपला कोणालाही हात लावू देऊ नका, आणि नंतर दोन धडधाकट माणसांनी तो जोर लावून ओढून पाहावा. तो पक्का झाल्याची खात्री पटल्यावरच मोकळ्या बाजूचे जुने रेलिंग कापायला काढा. ते एका वेळी एकाच टप्प्याचे कापा आणि संध्याकाळी काम थांबण्यापूर्वी तिथे नवे खांब उभे झालेच पाहिजेत, असे करारात लिहून घ्या. उघडी बाजू रात्रभर दोरी बांधून सोडायची नाही. कापाकापीच्या दिवशी वरच्या मंडळींचे जेवण वरच पोचवा. आणि रंगाऱ्याला सांगून ठेवा की जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी ओला रंग लावायचा नाही.